काचा फुटल्या, ती बाई कुठे गेली?

२ ऑगस्ट २०२५ रोजी पनवेलमध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या वर्धापनदिनाचा मेळावा झाला. व्यासपीठावर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे होते. छत्रपती शिवरायांची राजधानी ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात सर्वात जास्त डान्सबार कसे, असा सवाल त्यांनी केला. त्याच रात्री मनसेचे कार्यकर्ते पनवेलच्या वेशीवरच्या एका बारमध्ये घुसले आणि त्यांनी तिथल्या काचा, टेबले, बाटल्या फोडल्या. मोबाईलवर चित्रण झाले आणि ते राज्यभर फिरले.

पुढचे काही दिवस चॅनेलवर चर्चा रंगली. बार कोणाचा, पाठीशी कोण, हप्ता कोणाला? त्याच्या आधी जुलैमध्ये एका राज्यमंत्र्यांच्या घरच्या व्यक्तीच्या नावावर मुंबईत बारचा परवाना असल्याचा आरोप विरोधकांनी विधिमंडळात केला होता. सत्ताधारी विरोधकांकडे बोट दाखवत होते, विरोधक सत्ताधाऱ्यांकडे. सगळे पुरुषच पुरुषांना विचारत होते. पण वाचकहो, त्या रात्री त्या बारमध्ये कामाला असलेल्या बाया काचा फुटल्यावर कुठे गेल्या? त्या रात्रीची मजुरी त्यांना मिळाली का? दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली का? हा प्रश्न एकाही व्यासपीठावरून विचारला गेला नाही.

मी नवी मुंबईत राहते आणि बेलापूर व पनवेलच्या कोर्टात वकिली करते. हायवेच्या कडेचे हे बार मी रोज येता-जाता पाहते. मी स्त्रीवादी आहे, बौद्ध आहे आणि फुले-आंबेडकरी चळवळीची कार्यकर्ती आहे. या तिन्ही नात्यांनी या विषयावर बोलणे अवघड जाते, हे आधीच कबूल करते. अवघड आहे म्हणूनच लिहिते आहे.

प्रथम रायगडचे पाहू. शिवरायांचे नाव घेणाऱ्यांना रांझ्याच्या पाटलाची गोष्ट माहीत असायला हवी. पुणे परगण्यातल्या रांझे गावच्या पाटलाने एका बाईशी बदअमल केला. १६४६ सालच्या पत्रात त्याची नोंद आहे. शिवरायांनी त्या पाटलाला धरून आणले, त्याचे हातपाय तोडले आणि त्याची पाटीलकी काढून घेतली. दंड कोणाला झाला? पाटलाला. बाईला गावाबाहेर काढले नाही, तिच्या घराचा दरवाजा फोडला नाही. आज त्याच शिवरायांचे नाव घेऊन जो दगड उचलला जातो, तो मात्र बाईच्या पोटावर पडतो. बारमध्ये नोटा उधळणारा गिऱ्हाईक मागच्या दाराने घरी जातो आणि सकाळी अंघोळ करून सभेला येतो.

आणि रायगड जिल्हा म्हणजे केवळ किल्ला नव्हे. महाडही याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते इथे. २५ डिसेंबर १९२७ रोजी, ज्या मनुस्मृतीने शूद्र आणि स्त्री दोघांनाही गुलाम केले, ती जाळली ती इथेच. तेव्हा रायगडची अस्मिता सांगायचीच असेल, तर ती पूर्ण सांगा.

आता थोडा इतिहास, कारण आपल्याकडे विस्मरण फार लवकर होते. २००५ च्या मार्च महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या बारचा प्रश्न शेकापनेच विधानसभेत मांडला होता आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंदीची घोषणा केली. जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घालणारे विधेयक विधिमंडळाने एकमताने मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये बंदी लागू झाली. वीस वर्षांनी तोच जिल्हा, तोच पक्षाचा मेळावा, तोच प्रश्न. मग वीस वर्षांत बंदीने नेमके काय साधले?

त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते. नवी सनद हातात होती. बंदीच्या समर्थनार्थ आम्ही वस्तीवस्तीतून सह्या गोळा केल्या. मी स्वतः शंभरावर सह्या आणल्या. नवऱ्याचा पगार बारमध्ये जातो म्हणून रडणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या. त्यांचे रडणे खोटे नव्हते आणि आजही खोटे नाही. त्या सह्यांची मला लाज वाटत नाही. पण मी तेव्हा कायदा नीट वाचला नव्हता, ही गोष्ट मात्र वकील म्हणून मला आजही टोचते.

कारण कलम ३३-ब काय म्हणत होते? तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेले, जिमखाने, क्लब यांना बंदीतून सूट! म्हणजे पनवेलच्या बारमध्ये साडी नेसून नाचली तर समाज बिघडतो आणि पंचतारांकित हॉटेलात तोकड्या कपड्यांत नाचली तर ती संस्कृती! टॅक्सीवाल्याने पाहिले तर पाप, शेठजीने पाहिले तर करमणूक! याला चातुर्वर्ण्य नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? मनूने एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे वेगवेगळी शिक्षा सांगितली होती. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने एकाच नाचाला हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे वेगवेगळा न्याय लावला.

मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. कलम १४ ची समानता आणि कलम १९ (१) (छ) चे व्यवसायस्वातंत्र्य, ही दोन्ही आपल्या बाबासाहेबांच्या घटनेतली कलमे त्या बायांच्या कामी आली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले, बंदीमुळे अनेक बायांना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागले, असे न्यायालयाने नमूद केले. बायांचे काम बंद करण्याऐवजी त्यांची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती सुधारा, असेही सांगितले.

सरकारने ऐकले का? २०१४ मध्ये दुरुस्ती करून मोठ्या हॉटेलांची सूट काढली आणि बंदी पुन्हा आणली. २०१५ मध्ये न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि त्याच्या नावात 'महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण' हे शब्द घातले गेले. नाव वाचून डोळे भरून यावेत! आत मात्र अटी अशा की परवाना मिळूच नये. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक अटी रद्द केल्या. नोटा उधळण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली आणि ते योग्यच झाले. माणसावर पैसे फेकणे हा माणसाचा अपमानच आहे. पुढे ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार बाया आणि चारच पुरुष, ही मर्यादाही १८ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने काढून टाकली.

वीस वर्षांत कायद्याचे एवढे कागद झाले. पण त्या बायांच्या पुनर्वसनाचा एक तरी ठोस कार्यक्रम उभा राहिला का? त्याच २००५ सालचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा आहे. त्याची अंमलबजावणी कशी आहे हा वेगळा विषय, पण त्यात निदान पुनर्वसनाची भाषा तरी आहे. डान्सबारच्या कायद्यात तीही नव्हती. संघटनांच्या दाव्याप्रमाणे पाऊण लाख बाया या धंद्यात होत्या. त्यांना सांगितले, उद्यापासून काम बंद. पुढे काय? ते तुमचे तुम्ही बघा!

या बाया होत्या तरी कोण? काही मुंबईच्या झोपडपट्टीतल्या, घर चालवणारा पुरुष गमावलेल्या. पण मोठ्या संख्येने त्या नट, बेडिया, कंजर, राजनट, कोल्हाटी अशा जमातींतून आलेल्या. ज्या जमातींना जातिव्यवस्थेने जमीन दिली नाही, विद्या दिली नाही, फक्त मुलीचा नाच हेच उत्पन्नाचे साधन ठेवले. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आधी व्यवस्थेने नाचायला लावायचे, मग नाचली म्हणून नीच ठरवायचे आणि शेवटी संस्कृतिरक्षण म्हणून तिचे नाचणेही बंद करायचे. तिन्ही वेळा निर्णय दुसऱ्याचा. तिला कोणी विचारलेच नाही.

आता सिनेमाकडे वळू, कारण आपल्या घरात विचार पुस्तकांपेक्षा पडद्यावरून जास्त शिरतो. ज्या २००५ साली बारमधला नाच बंद झाला, त्याच वर्षी 'बंटी और बबली' सिनेमा आला आणि त्यातल्या 'कजरा रे' गाण्यावर देश नाचला. लग्नाच्या वरातीत नाचला, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचला. कोणाची संस्कृती बुडाली नाही. २०१० च्या पहिल्याच दिवशी 'नटरंग' आला आणि लावणी दिवाणखान्यात गेली. टीव्हीच्या स्पर्धेत लहान मुली लावणी करू लागल्या, आईवडील टाळ्या वाजवू लागले. मला लावणीचे वावडे नाही. माझा प्रश्न साधा आहे. पडद्यावरच्या नटीने केली तर ती अदाकारी आणि तमाशाच्या राहुटीतल्या बाईने केली तर ती बदफैली, हा फरक नाचात आहे की नाचणारीच्या जातीत? प्रा. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठे संशोधन केले आहे. अश्लीलतेचा शिक्का जातीच्या आधाराने कसा मारला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्या घरातली एक लेक जगाला हे सांगते आहे आणि आपण मात्र अजून ऐकायला तयार नाही.

गौतमी पाटील प्रकरण आठवा. २०२२-२३ मध्ये तिच्या कार्यक्रमांना गावोगाव गर्दी लोटली. तिच्या हावभावांवर टीका झाली, तिने जाहीर माफी मागितली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून चित्रण केले आणि ते पसरवले. खरा गुन्हा तो होता. पण गावच्या पारावर चर्चा कशाची? तिच्या हावभावांची! पुढे त्याच वर्षी मे महिन्यात एका मराठा संघटनेच्या पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतला की तिने 'पाटील' आडनाव लावू नये, त्याने बदनामी होते. तिचा नाच मला आवडतो की नाही हा मुद्दाच नाही. मुद्दा हा की गर्दी चालते, शिट्ट्या चालतात, फक्त नाचणारी आपल्या आडनावाची नको. म्हणजे नाचणारी बाई ही कोणत्या तरी खालच्या जातीचीच असली पाहिजे, असा हा अलिखित नियम. रांझ्याच्या पाटलाने पाटीलकीची अब्रू घालवली तेव्हा शिवरायांनी पाटीलकी काढली. आज चोरून चित्रण करणाऱ्याचे आडनाव कोणी विचारत नाही.

इथपर्यंत वाचून आपले बांधव माना डोलावतील. मनुवाद्यांवर टीका आपल्याला आवडते. आता आपल्या घरात डोकावू या.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी यांच्या सभेत बाबासाहेब बोलले. हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे त्यांनी कठोर शब्दांत सांगितले. आपले अनेक कार्यकर्ते हे भाषण पुढे करून विचारतात, ताई, बाबासाहेब नाच सोडा म्हणाले आणि तुम्ही बारबालांची बाजू कशी घेता? प्रश्न रास्त आहे. माझ्या मनातही हा ताण आहे आणि तो मी लपवत नाही. जातीने लादलेला धंदा हा 'निवडलेला व्यवसाय' आहे असे म्हणणाऱ्या काही स्त्रीवादी मैत्रिणींशी माझे पटत नाही. उपाशी माणसाची निवड ही निवड नसते.

पण बाबासाहेबांनी काय केले ते नीट पाहा. ते त्या बायांच्या सभेत गेले, त्यांच्यासमोर उभे राहिले, त्यांच्याशी बोलले. पोलीस पाठवले नाहीत. 'सोडा' म्हणताना 'आमच्यात या' असेही म्हटले. धर्मांतराच्या त्या चळवळीत त्यांच्यासाठी मानाची जागा होती. आणि चळवळीत सांगितली जाणारी दुसरी आठवणही ध्यानात घ्या. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण शाहीर आणि पवळा ही आपल्या महार समाजातली कलावंतीण. आपल्या बायांना नाचवून मिळवलेल्या पैशाची देणगी बापूरावांनी देऊ केली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली असे सांगतात. जाब कोणाला विचारला? नाचवणाऱ्याला. पवळाला नव्हे.

आता मी माझीच एक गोष्ट सांगते. साधारण पंधरा वर्षे झाली. आमच्या एका विहारात मी महिला मंडळाची सचिव होते. वस्तीतली एक ताई दर रविवारी वंदनेला यायची. एकटीने मुलगी वाढवत होती. बोलायची कमी, झाडलोट मात्र सगळ्यांच्या आधी करायची. एक दिवस कुजबुज सुरू झाली की ती बारमध्ये वेटर आहे. मंडळातल्या एका बाईच्या नवऱ्याने तिला ओळखले होते. बुद्धपौर्णिमेला ती खिरीचे पातेले घेऊन आली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुझं पातेलं तिकडं बाजूला ठेव, आज खीर पुष्कळ आहे." ती समजली. पातेले उचलून गेली. त्या दिवशी पंगतीत खीर वाढायला तोच नवरा होता, ज्याने तिला ओळखले होते. त्याने तिला कुठे पाहिले, तो तिथे कशासाठी गेला होता, हे कोणीही विचारले नाही. मीही नाही. माझ्याकडे कायद्याची पदवी होती, मंडळाचे पद होते आणि मी गप्प बसले.

काही वर्षांनी ती माझ्या ऑफिसात आली. मुलीच्या जातवैधतेचे कागद करायचे होते, मुलगी नर्सिंगला जाणार होती. मी त्या दिवसाचा विषय काढला, माफी मागू लागले. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. खीर वस्तीतल्या पोरांनी खाल्ली, वाया नाही गेली." पूर्वी ती मला ताई म्हणायची.

वैशालीची आम्रपाली गणिका होती. भगवंतांना तिने भोजनाचे निमंत्रण दिले आणि भगवंतांनी ते स्वीकारले. लिच्छवी राजपुत्र नंतर आले, तिला धन देऊ लागले की हे भोजन आम्हाला दे. तिने दिले नाही आणि भगवंतांनीही शब्द मोडला नाही. पुढे ती भिक्खुणी झाली, तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत. पण जेवणाचे आमंत्रण स्वीकारताना भगवंतांनी 'आधी धंदा सोड' अशी अट घातली नव्हती. ज्या तथागतांनी आम्रपालीचे अन्न घेतले, त्यांच्याच विहारात आम्ही एका कष्टकरी आईची खीर परत पाठवली. मग आमच्यात आणि काचा फोडणाऱ्यांत फरक काय? त्यांनी दगड मारला, आम्ही पातेले बाजूला ठेवले.

टीका करून थांबणे सोपे आहे, म्हणून चार गोष्टी सुचवते.

पहिली, बार ही कामाची जागा आहे, हे आधी मान्य करा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथेही लागू होतो. दहा किंवा अधिक कामगार असतील तर अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लेखी करार आणि बँकेच्या खात्यात मोबदला, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम ठेवली आहे. ती मालकाकडून पाळून घ्या.

दुसरी, छाप्याच्या वेळी बायांनी घाबरू नये. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ (५) मध्ये हे आहे. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. छापा पडला की तोंडाला ओढणी लावलेल्या बायांची छायाचित्रे छापणाऱ्यांनी एकदा तरी गिऱ्हाइकांचे चेहरे छापून दाखवावेत!

तिसरी, ज्यांना हे काम सोडायचे आहे त्यांना घर, शिक्षण आणि रोजगार द्या, आणि तोही बंदीच्या आधी. नवी मुंबईत एवढ्या नर्सिंग शाळा आहेत, एवढे उद्योग आहेत. त्यांच्या मुलींना वसतिगृहात जागा मिळवून देणे एवढे तरी आपल्या संघटना करू शकतात.

चौथी, आपल्या विहारांसाठी. पंचशील घेताना 'कामेसु मिच्छाचारा वेरमणी' आपण सगळेच म्हणतो, पुरुषही म्हणतात. तो शब्द बाईच्या चारित्र्याची झडती घेण्यासाठी नाही, स्वतःच्या आचरणासाठी आहे. ज्याला बारमधल्या बाईचा चेहरा ओळखता येतो, त्याने आधी स्वतःला प्रश्न विचारावा.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आपल्या विहाराच्या दाराशी एखादी बाई पातेले घेऊन उभी राहील. ती कुठे काम करते हे विचारू नका. पातेले हातात घ्या, तिला आत बोलवा आणि पहिली वाटी तिच्याच हातून वाढू द्या. मी गमावलेली संधी तुम्ही गमावू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!